साचा न थांबवता

‘काल बोशादेर’ नावाच्या जुन्या गिरणी-वसाहतीत बार्सेलोनाची बस साडेअकराला येते. त्याआधी ती नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या वसाहतीत थांबून आलेली असते आणि इथून पुढे खालच्या वसाहतीत जेवायला जाते. मधल्या वसाहतीच्या वाट्याला नेहमी दमलेली माणसं येतात. त्यांनी एक गिरणी, एक चर्च, मालकाची हवेली, पाण्याचा कालवा आणि कामगारांच्या घरांच्या चार रांगा पाहिलेल्या असतात. इथे उतरल्यावर त्यांना पुन्हा गिरणी, चर्च, हवेली, कालवा आणि चार रांगा दिसतात. पहिला प्रश्न स्वच्छतागृहाचा असतो. दुसरा, पायऱ्या किती आहेत.

"बासष्ट," रेमेई ओब्रादोर्स सांगते. "ज्यांना नको असतील त्यांनी खाली बाकावर बसा. मीसुद्धा बसले असते."

लोक हसतात. ती विनोद करत नसते.

रेमेई बहात्तर वर्षांची आहे. तिसऱ्या रांगेतल्या अकरा नंबरच्या घरात जन्मली आणि अजून तिथेच राहते. चौदाव्या वर्षी कताईखात्यात लागली, एकोणचाळिसाव्या वर्षी गिरणीला टाळं लागलं तेव्हा बाहेर पडली. पुढची बारा वर्षं तिने जिरोनेयाच्या वृद्धाश्रमात चादरी धुतल्या. मग नदीकाठच्या वसाहती पर्यटकांना दाखवण्यासाठी एक न्यास निघाला आणि साचा, म्हणजे सूत कातायचं यंत्र, चालवून दाखवू शकेल असं कुणीतरी त्यांना हवं होतं. तिने गिरणीत पंचवीस वर्षं काम केलं आणि गिरणी दाखवण्यात एकवीस. दोन्हींपैकी जास्त थकवणारं कुठलं, असं एका पाहुण्याने विचारलं होतं. "दाखवणं," ती म्हणाली. "कातताना बोलावं लागत नव्हतं."

तिची उत्तरं ठरलेली आहेत. मालक चांगला होता का? रविवारी चर्चमध्ये दिसायचा, पहिल्या बाकावर. पगार पुरायचा का? घर, कोळसा आणि शाळा त्यातच होती, म्हणून पुरायचा. नोकरी गेली की ते सगळंही जायचं, म्हणून कुणी नोकरी सोडायचं नाही. ते दिवस बरे होते का? या प्रश्नावर ती घड्याळ बघते आणि म्हणते, "चला, वरचा मजला राहिलाय."

वरच्या मजल्यावर रिंग साचा आहे. जिथे पूर्वी बावीस साचे होते तिथे आता एक उरला आहे. त्याच्या चारशे चात्यांपैकी अठ्ठेचाळीस चात्यांवर पेळू चढवलेला असतो. वरून कापसाचा सैल पेळू उतरतो, रुळांच्या जोड्यांतून ओढला जाऊन बारीक होतो आणि खाली चातीवर, म्हणजे उभ्या सळईवर, गरगर फिरणाऱ्या कांडीवर पीळ पडून धागा होऊन गुंडाळला जातो. जमिनीवर साच्यापासून मीटरभर अंतरावर पिवळी रेषा आखली आहे. पाहुणे रेषेच्या अलीकडे, रेमेई पलीकडे. ती साचा चालू करते. चार मिनिटं कुणालाच काही ऐकू येत नाही. पाहुणे कानांवर हात ठेवतात आणि फोनवर चित्रण करतात. या चार मिनिटांसाठीच ते आलेले असतात, हे न्यासालाही ठाऊक आहे. तिकिटावर त्याच साच्याचं चित्र आहे.

धागा तुटतो. चार मिनिटांत एखादा तरी तुटतोच. तेव्हा रेमेई चातीखालची पट्टी उजव्या गुडघ्याने दाबते, तेवढी एक चाती थांबते, बाकीच्या फिरत राहतात. कांडीवरून धाग्याचं टोक काढायचं, कडीतून ओवायचं, गुडघा सोडायचा आणि त्याच क्षणी ते टोक रुळातून येणाऱ्या कापसाला लावायचं. पीळ आपसूक वर चढतो आणि जोड धरतो. याला तिला चार सेकंद लागतात. गिरणीत एका बाईकडे आठशे चात्या असायच्या. दिवसात बाराशे-पंधराशे वेळा गुडघा दाबायचा. काल बोशादेरमध्ये कातलेल्या कुठल्याही बाईचा उजवा गुडघा पाहा, आतल्या बाजूला अंगठ्याएवढा घट्टा सापडेल. रेमेईच्या गुडघ्यात घट्ट्याखाली काही उरलेलं नाही. सप्टेंबरअखेर मानरेसाच्या इस्पितळातून तारीख आली, चौदा नोव्हेंबर. गुडघा बदलायचा होता.

तिने पत्र तिकीटखिडकीवर नेऊन नेउसला दाखवलं. नेउस न्यासाची इथली व्यवस्थापक, छत्तीस वर्षांची, एका वेळी तीन वसाहती सांभाळणारी.

"किती आठवडे?" नेउसने विचारलं.

"डॉक्टर म्हणतो बारा. मी म्हणते, कायमचे."

"म्हणजे?"

"म्हणजे परत येणार नाही. संपलं माझं. त्या जिन्याला मी आता शिव्या देते, मोठ्याने. मागच्या रविवारी एका पाद्र्याने ऐकल्या."

नेउसने कपाटातून एक कागद काढून तिच्यापुढे ठेवला. तो विमा कंपनीचा होता. चालत्या साच्याजवळ फक्त मान्यताप्राप्त माणसाने जायचं, आणि मान्यताप्राप्त माणसांच्या यादीत एकच नाव होतं. यादी तीन महिने रिकामी राहिली तर परवाना रद्द, साच्याची वीजजोडणी कायमची तोडायची. वरच्या वसाहतीत आठ वर्षांपूर्वी हेच झालं. तिथे आता पाहुणे एक बटण दाबतात आणि साच्याचा ध्वनिमुद्रित आवाज ऐकतात.

"मी दाबून पाहिलंय ते बटण," रेमेई म्हणाली. "आवाज चांगला आहे. लांबून."

तेव्हा प्रश्न असा होता: चौदा तारखेच्या आत दुसरं कुणीतरी तयार व्हायला हवं. नाही झालं तर साचा बंद. आणि साचा बंद पडू नये म्हणून रेमेईने नव्या गुडघ्यानिशी पुन्हा वर चढावं, असं न्यास म्हणणार, हे तिला कळत होतं. ती नाही म्हणू शकणार नाही, हेही.

वसाहतीत कताईखात्यातल्या चार बायका हयात होत्या. एक एकोणनव्वद वर्षांची, एक मुलीकडे साबादेलला, एक दोन वर्षांपासून कुणाला ओळखत नाही आणि चौथी स्वतः रेमेई. पुरुषांमध्ये किर्झे होता, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, साच्यांचा जुना मिस्त्री. दर शुक्रवारी तोच साच्याला तेल घालतो. पण मिस्त्री कधी धागा जोडत नाही. ते बायकांचं काम, त्याला ते येतही नाही, आणि शिकायची त्याची तयारीही नव्हती.

"मी जोडला धागा," किर्झे म्हणाला, "तर माझा बाप कबरीतून उठून बसेल."

"बसू दे. तिकीट काढायला लावू," रेमेई म्हणाली.

उरली मिमुना. ती सत्तेचाळीस वर्षांची, समुद्रापलीकडे रीफच्या डोंगरातल्या गावाहून लग्न करून आलेली, चौथ्या रांगेत राहणारी. नऊ वर्षं ती गिरणीचे मजले झाडते. साच्याखालचा कापूस दर सोमवारी तीच काढते. रेमेईने तिला विचारलं तेव्हा ती बादली घेऊन दुसऱ्या मजल्यावर होती.

"तू चालवशील का साचा?"

"मी?" मिमुना म्हणाली. "मी झाडते तो."

"झाडतेस म्हणूनच विचारतेय. बाकीच्यांनी तो खालून पाहिलेला नाही."

"बोलायचं पण का? पाहुण्यांशी?"

"बोलायचं."

"मग नको."

"अगं, तीच तीच चाळीस वाक्यं आहेत. आवाज सुरू झाला की तीही नाहीत."

मिमुनाने फडकं पिळलं. "पगार दोन्हीचा मिळेल? झाडायचा आणि चालवायचा?"

"नेउसला विचार. आणि आधी जास्त माग, मग कमी कर."

मिमुनाने तसंच केलं आणि तिला मागितल्यापेक्षा थोडं कमी मिळालं. ऑक्टोबरच्या पहिल्या मंगळवारी शिकवणी सुरू झाली.

शिकवायचं काय, यावरून पहिल्याच दिवशी अडलं. नेउसने छापील नियम आणून दिला होता. धागा तुटल्यास लाल बटण दाबावे. चात्या पूर्णपणे थांबू द्याव्यात. धागा जोडावा. साचा पुन्हा चालू करावा.

रेमेईने तो उभ्याने वाचला. "हे कुणी लिहिलंय?"

"विमावाल्यांनी."

"त्यांच्यातल्या कुणी कधी सूत पाहिलंय का?"

तिचा मुद्दा साधा होता, आणि किर्झेनेही तो नेउसला कागदावर आकृती काढून समजावला. साचा थांबला की धागा सैल पडतो, स्वतःभोवती वेटोळी घेतो. पुन्हा चालू करताना एकदम झटका बसतो आणि सैल पडलेले धागे पटापट तुटतात. एक जोडायला थांबलात तर सात तुटणार. सात जोडायला थांबलात तर दहा. म्हणून गिरणीत साचा थांबवत नसत. सकाळी पाचला चालू व्हायचा तो दुपारी एकला पाळी बदलतानासुद्धा चालूच असायचा. जिच्यामुळे साचा थांबला तिचं नाव मुकादम खात्याच्या दारावर खडूने लिहायचा. रेमेईचं नाव पंचवीस वर्षांत एकदा लिहिलं गेलं, बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या त्या दिवशी.

"तुमचं सगळं बरोबर आहे," नेउस म्हणाली. "पण परीक्षा या कागदावर होणार आहे. तुम्ही तिला चालत्या साच्यात हात घालायला शिकवलंत आणि तिचं बोट गेलं, तर मी कुणाला काय सांगू?"

"माझी दहाही आहेत."

"आणि शेजारच्या रांगेतल्या दोलोर्सची?"

दोलोर्सची आठ होती.

मग रेमेईने नियमाप्रमाणे शिकवलं. लाल बटण. थांब. जोड. चालू. मिमुनाचे हात चांगले होते, घाई नव्हती. दोन आठवड्यांत ती थांबलेल्या साच्यावर टोक ओवू लागली, पण जोड क्वचितच धरायचा, कारण पीळ नसला की जोड धरत नाही. साचा चालू केला की धागे तुटायचे, जमिनीवर कापसाचे पुंजके पडायचे आणि ते मिमुनाच झाडायची. रेमेई रेषेच्या अलीकडे पाहुण्यांच्या खुर्चीवर बसून बघायची. कधी ती डोळे मिटून घ्यायची.

"दमलात?" मिमुना विचारायची.

"बघवत नाही."

एकदा मिमुना म्हणाली, "तुम्ही करता ते मला येतं, असं वाटतं. नऊ वर्षं बघतेय. गुडघा, मग टोक, मग..."

"मला सांगू नकोस," रेमेई म्हणाली. "मी ऐकलेलं नाही. बटण दाब."

विमा कंपनीचा निरीक्षक सात नोव्हेंबरला, गुरुवारी आला. जुतग्लार त्याचं आडनाव. पन्नाशीचा, पातळ कोट, हातात पाटी आणि पाटीला दोरीने बांधलेलं पेन. बासष्ट पायऱ्या त्याने मोजल्या आणि वर पोचल्यावर लिहून ठेवल्या. त्याने रेषेची रुंदी मोजली, बटण तीनदा दाबून पाहिलं, मिमुनाचा रुमाल मानेमागे नीट खोचलेला आहे ना हे विचारलं. रेमेई, नेउस आणि किर्झे रेषेच्या अलीकडे उभे होते. रेमेईला खुर्ची दिली होती, पण ती बसली नाही.

"सुरू करा," जुतग्लार म्हणाला.

साचा सुरू झाला. मिनिटभर काही झालं नाही. मग एकतिसाव्या चातीचा धागा तुटला. मिमुनाने लाल बटण दाबलं, हात पाठीमागे घेतले, चात्या थांबेपर्यंत वाट पाहिली, जोडलं, मागे सरली, चालू केला. अगदी कागदाप्रमाणे. जुतग्लारने खूण केली. चालू होताच आठ धागे गेले. मिमुनाने पुन्हा बटण दाबलं. आठ टोकं लावली. चालू. आता चौदा गेले. सुट्टा कापूस रुळाभोवती गुंडाळू लागला, जाड पांढरी वळी तयार झाली. वेळीच काढली नाही तर तिने रूळ जखडतो आणि त्याच्या बाजूचे धागेही जातात. मिमुना पुन्हा लाल बटणाकडे वळली.

नंतर या प्रसंगाबद्दल प्रत्येकाने जे सांगितलं ते जवळजवळ सारखं आहे. रेमेई त्या वेळी किर्झेशी बोलत होती. आवाजात शब्द ऐकू येत नव्हते, पण गिरणीतली जुनी माणसं ओठ वाचतात, आणि किर्झे सांगतो की ती मक्याविषयी बोलत होती. रविवारी सोललेल्या मक्याचं सूप करायचं होतं आणि त्यात घालायला डुकराचा कान मिळाला नव्हता. बोलता बोलता ती रेषेच्या आत गेली. ती किर्झेकडे तोंड करूनच चालत होती. गुडघा पट्टीवर गेला. एका बोटाने तिने रुळावरची वळी उचकटून खिशात घातली, टोक, कडी, जोड. पुढची चाती. गुडघा, टोक, कडी, जोड. चौदापैकी अकरा धागे तिने मिनिटभरात लावले आणि तेवढ्या वेळात किर्झेला सांगून टाकलं की कान नसला तर सॉसेज घालणार.

जुतग्लारने स्वतः बटण दाबलं.

आवाज उतरत गेला. रेमेईने मान वर केली.

"काय झालं?"

"तुम्ही आत्ता काय केलंत, सेन्योरा?"

"काय केलं?"

तिला खरंच कळलं नव्हतं, याबद्दल जुतग्लारच्याही मनात शंका नव्हती. त्याने अहवालात तसं लिहिलं आहे. आणि तेच त्याला जास्त धोक्याचं वाटलं.

रेमेईने पायांकडे पाहिलं. रेषा तिच्या मागे होती.

"अरे देवा," ती म्हणाली. मग खुर्चीकडे गेली आणि बसली.

मिमुना साच्यापाशी उभी, हात अजून पाठीमागे. किर्झे म्हणाला, "साहेब, तुम्ही आता जे पाहिलंत ना, ते बघायला माणसं बार्सेलोनाहून बसने येतात."

"मला माहीत आहे," जुतग्लार म्हणाला. "मीही पाहत राहिलो. म्हणून बटण दाबायला उशीर झाला. तोही लिहावा लागेल."

"मग लिहू नका."

"किर्झे," नेउस म्हणाली, "गप्प बसा."

जुतग्लार खिडकीच्या कट्ट्यावर टेकला. त्याने कायदा सांगितला, फार कोरडेपणाने नाही. मान्यताप्राप्त यादीतल्या माणसाने निरीक्षणादरम्यान चालत्या साच्यात हात घातला होता. याचा अर्थ ती एकवीस वर्षं हेच करत आली. परवाना आजच्या आज थांबवायला एवढं पुरेसं होतं.

"मिमुनाने सगळं बरोबर केलं," रेमेई म्हणाली.

"तिने केलं."

"मग तिला द्या."

"तुम्ही शिकवलंय तिला."

"मी तुमच्या कागदातलं शिकवलंय. चूक माझी आहे, तर माझं नाव खोडा. तिचं लिहा." तिने गुडघा दोन्ही हातांनी उचलून पुढे घेतला. "तसंही मी चौदा तारखेला जाणारच होते. आज गेले म्हणा."

"रेमेई, रविवारचा गट," नेउस म्हणाली. "बावन्न माणसं आहेत. तुम्ही निरोप घेणार होता. वर्तमानपत्रात छापूनही आलंय."

"मग त्यांना सांग, म्हातारी पळून गेली."

जुतग्लारने बराच वेळ लिहिलं. मग वाचून दाखवलं. सेन्योरा ओब्रादोर्स यांची मान्यता आजपासून रद्द. साचा चालू असताना त्यांनी या मजल्यावर थांबू नये, रेषेच्या कुठल्याही बाजूस. सेन्योरा मिमुना अझुआघ यांना मान्यता. अट अशी की प्रेक्षक उपस्थित असताना धागे जोडण्याचा कोणताही प्रयत्न करू नये. साचा चार मिनिटं चालवावा आणि बंद करावा. तुटलेले धागे तसेच राहू द्यावेत.

"तसेच?" रेमेईने विचारलं.

"तसेच."

"चार मिनिटं? तुटलेले?"

"हे म्युझियम आहे, सेन्योरा. इथून कुणाला सूत विकायचं नाही."

मिमुनाने सही केली, आडनाव पूर्ण लिहून. रेमेईने स्वतःच्या नावावर मारलेल्या काटेखाली सही केली. खाली उतरताना ती दर मजल्यावर थांबली आणि किर्झे तिच्या एक पायरी पुढे उलटा उतरत होता, ती पडलीच तर अडवायला.

"तू अडवशील मला?" ती म्हणाली. "दोघंही नदीत जाऊ."

"निदान मक्याबद्दल बोलू नकोस. तुझं लक्ष जातं."

त्या रविवारी बस आली तेव्हा रेमेई आपल्या दारापुढे खुर्ची टाकून बसली होती. ऊन होतं, पण नदीवरून येणारा वारा थंड होता. मांडीवर टोपलीत शेंगा होत्या. गट चर्चमध्ये गेला, हवेलीला वळसा घालून आला, गिरणीत शिरला. दारात मिमुनाचा आवाज ऐकू आला. "बासष्ट पायऱ्या आहेत. ज्यांना नको असतील त्यांनी खाली बसा." पुढचं वाक्य तिने म्हटलं नाही. पाऊण तासाने तिसऱ्या मजल्यावरून साच्याचा आवाज आला. चार मिनिटांनी बंद झाला.

माणसं उतरली. दोघी बायका बसकडे जाताना रेमेईच्या दारावरून गेल्या.

"बरेच धागे लोंबत होते गं," एक म्हणाली. "तसंच असतं का ते?"

"जुनं मशीन आहे," दुसरी म्हणाली. "चालतंय हेच पुष्कळ."

रेमेईने शेंग सोलली.

एकला बस गेली. नेउस तिकिटाची पेटी गाडीत टाकून खालच्या वसाहतीकडे गेली. किर्झे रम घातलेली कॉफी पिऊन वसाहतीच्या क्लबातून आला आणि तिच्या पायरीवर बसला. थोड्या वेळाने मिमुना आली. रुमाल सोडून खांद्यावर टाकला होता, चेहरा लाल.

"कसं झालं?" किर्झेने विचारलं.

"सतरा," मिमुना म्हणाली. ती रेमेईकडे बघत होती. "सतरा तुटले. मी नुसती उभी. हात असे बांधून. एकाने विचारलं, तुम्ही काय काम करता इथे? मी म्हटलं, चालू करते आणि बंद करते."

"मग बरोबर सांगितलंस," रेमेई म्हणाली.

"आता तो तसाच आहे वर. सतरा लोंबताहेत. रुळावर कापूस चढलाय. पुढच्या रविवारी पुन्हा चालू केला की निम्मे जातील. त्याच्या पुढच्या रविवारी उरतील का? काय करू?"

रेमेईने पाय लांब केला. तिला उत्तर माहीत होतं, आणि मिमुनालाही ते माहीत आहे हे दिसत होतं. ते तोंडातून काढलं असतं तर शिकवणी पुन्हा सुरू झाली असती. उद्या एक प्रश्न, परवा दुसरा, चौदा तारखेनंतर इस्पितळात फोन.

"कागदावर काय लिहिलंय?" तिने विचारलं.

"प्रेक्षक असताना जोडायचं नाही."

"बरोबर."

मिमुनाने बस गेली त्या रस्त्याकडे पाहिलं. "प्रेक्षक गेले."

"मला काही विचारू नकोस, मिमुना. माझं नाव खोडलंय. साचा आता तुझा आहे. तू ठरव."

रेमेई हे कठोरपणे म्हणाली नाही, पण मिमुनाला बसायला खुर्चीही पुढे केली नाही. मिमुनाने रुमाल पुन्हा बांधला, टोकं मानेमागे घट्ट खोचली आणि गिरणीकडे गेली.

"बोटं," किर्झे म्हणाला.

"मलाही तेच वाटतंय," रेमेई म्हणाली. "गप्प बस."

साचा सुरू झाला. किर्झेने मनगट वर करून घड्याळ बघितलं. रेमेई शेंगा सोलत राहिली, पण दाण्यांऐवजी सालं टोपलीत पडू लागली तेव्हा तिने टोपली खाली ठेवली. पहिल्या मिनिटाला काही कळत नाही. दुसऱ्यालाही नाही. चौथं मिनिट गेलं.

"थांबला नाही," किर्झे म्हणाला.

"ऐकतेय मी."

"आठ झाली."

वारा पडला होता, आवाज एकसारखा येत होता. जो साचा सोळा-सतरा तुटलेल्या धाग्यांनिशी चालतो त्याच्या आवाजात कापूस अडकल्याची एक घरघर येते. ती सुरुवातीला होती. ती कमी होत गेली आणि दहाव्या मिनिटाच्या सुमाराला उरली नाही.

"नेउसला सांगावं लागेल," किर्झे म्हणाला. "नियमाने."

"सांग. काय सांगणार?"

"की वर कुणीतरी..."

"तू पाहिलंस?"

"नाही."

"मीही नाही. मला वर जायची बंदी आहे."

किर्झे हसला, मग खोकला. रेमेईने दोन्ही हात खुर्चीवर रोवले आणि उठली. उठायला तिला दोन प्रयत्न लागले. आत जाऊन तिने मक्याखालचा गॅस बारीक केला, सूप ढवळलं, चव घेतली आणि मीठ घातलं. खिडकीतून बाहेर न बघता ती टेबलाशी बसली आणि पाव कापून त्यावर टोमॅटो चोळू लागली. तीन तुकडे झाल्यावर तिच्या लक्षात आलं की ती एकटीसाठीच करते आहे, मग तिने किर्झेला हाक मारली.

साचा बावीस मिनिटं चालला. मग बंद झाला. मिमुनाच्या घरीही जेवायची वेळ झाली होती.